मागचं वारं

वारा पडलेला असला की सांबऱ्याच्या टॉवरमध्ये
मी जास्त जागी असते.
लोकांना वाटतं, शांत हवा म्हणजे बरी.
त्या संध्याकाळी वाऱ्याचा मोजा खांबाला चिकटून लोंबत होता,
पट्टीच्या कडेचं गवत चित्रात काढल्यासारखं,
आणि वायुदलाचं चार इंजिनांचं मालवाहू
गाभण म्हशीच्या चालीनं उतरलं,
पूर्वेकडून, आमच्या घरावरून.

जड, सावकाश. यालाच भ्यायचं असतं.
पंखांच्या टोकांशी हवा पिळवटते
ओल्या पंचासारखी, एक पीळ डावा, एक उजवा,
आणि विमान पट्टी सोडून वळलं तरी
ते दोन पीळ वर तसेच,
एकमेकांना धरून हळूहळू खाली बसत.
रडारवर नाहीत. दुर्बिणीत नाहीत.
वारा असता तर त्यानं त्यांना
जोंधळ्याच्या शिवारात नेऊन मोडलं असतं.

मागून बंगळूरचं सत्तर सीटचं एटीआर.
मी म्हटलं, पुढं जड विमान आहे, अंतर वाढवा,
मागचं वारं सांभाळा.
कप्तान सलदाना म्हणाला, दिसतंय मला. पट्टीही दिसतेय.

जे दिसत होतं त्याची मला भीती नव्हतीच.

मावळतीचा सूर्य त्याच्या काचेत, तो जरासा खालून आला.
बाळेकुंद्रीवर डावा पंख
कुणी मनगट धरून ओढावं तसा गेला.
दीड सेकंद. दोन असतील.
रेडिओवर नुसता श्वास
आणि त्यामागं एक घंटी, जी वाजायला नको होती.
मग इंजिनांचा सूर चढला, नाक वर,
गो-अराउंड, तो म्हणाला.
समजलं, मी म्हटलं.
नंतर टेपवर ऐकवलं तेव्हा
तो आवाज मला ओळखू आला नाही.

दुसऱ्यांदा तो उंचावरून आला
आणि मालवाहू जिथं टेकलं होतं त्याच्या बरंच पुढं टेकला.
चौसष्ट माणसं बॅगा ओढत रिक्षा शोधायला गेली.
एकानं उशिराची तक्रार लिहिली,
वेळ मात्र अचूक.

घरी आले तर बाबा छपरावर, टॉर्च दातांत.
खानापूरच्या कौल कारखान्यात एकोणतीस वर्षं काढलेला माणूस,
शिडी लागत नाही त्यांना.
तीन कौलं सरकलेली, एक फुटलेलं.
शेजारच्या निंगव्वा अंगणातून ओरडत होत्या, गाळी, गाळी!
आम्ही वारं म्हणतो, त्या गाळी.
कौलाला दोन्ही कळतं.

"एवढं मोठं गेलं तवा काय झालं न्हाई," बाबा वरूनच,
"गेल्यावर सगळं गप. मी चहा घेटलो हातात.
मग कौलं बोलली."
किती वेळानं?
"एंबत्तु."
ऐंशी काय, बाबा?
"मोजूलालतो की गे. ल्हान गेलं तर सोडून द्यायचं.
मोठं गेलं की मोजायचं."

कारखान्यातला मिस्त्री कानडी होता.
कौलांच्या ओळी मोजायला त्यानं शिकवलं,
तेव्हापासून बाबा भांडतात मराठीत, मोजतात कानडीत.
माझ्याकडं घड्याळ होतं, दशांशासकट,
आणि दोन मिनिटांचा नियम, पाठ.
चाळीस सेकंद कुठं सांडले
ते चौकशीच्या कागदावर मीच लिहिलं.
वाऱ्याचा वेग, या रकान्यात: शून्य.

आता मोजा लोंबला आणि काही जड उतरलं
की मागच्याला सांगते, मारिहाळवर एक फेरी मारा.
कुरकुरतात. इंधनाचं बोलतात.
घड्याळ चालू असतं टेबलावर, तरी माझे ओठ
ओंदु, एरडु, मूरु,
एंबत्तुला मी एकदा बाळेकुंद्रीकडं बघते.
मग पुढं मोजते.