वाकण्याची चाचणी

हडर्सफील्ड. तळघरातली प्रयोगशाळा, जानेवारी, रात्रीचे सव्वा दोन.
यंत्राचे दोन जबडे माझी पट्टी धरून
वाकवतात, सरळ करतात,
वाकवतात.
आकडा: चार हजार एकशे सहा.

पट्टी म्हणजे कार्बनच्या धाग्यांचं कापड, बोटभर रुंद.
एकेका धाग्यावर मी उगवलंय
पॉलिअ‍ॅनिलीनचं हिरवं रान,
केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या काड्यांचं.
वीज शिरली की रान फुगतं,
निघाली की आक्रसतं,
आणि वर हे वाकणं.

आमच्या घरी एकच वाक्य चौकटीत लावायच्या लायकीचं:
मोडेन पण वाकणार नाही.
अप्पांनी त्यापायी दोन नोकऱ्या सोडल्या,
एक सख्खा भाऊ सोडला.
मला पगार मिळतो तो उलट्या वाक्याचा.
फोनवर विचारायचे, नेमकं करतेस काय तिथे?
मी म्हणायचे, बॅटरीचं काहीतरी.

पहिल्या तीन पट्ट्या पाच हजारांच्या आत गेल्या.
सूक्ष्मदर्शकाखाली आटलेल्या तळ्याचा तळ,
हिरव्या खपल्या, मधून उघडा काळा धागा.
चौथीला मी लेप आणखी दाट दिला.
ती तीन हजारांतच गेली.

तेव्हा डोरीन आर्मिटेजने,
भांडार सांभाळणारी, मार्चमध्ये निवृत्त होणारी बाई,
कोरी पट्टी चिमटीत धरली
आणि डोळे मिटून चाचपली.
तिची आई गिरणीत रफूवाली होती,
लोकरीच्या ठाणावरून तळवा फिरवत
दिव्याशिवाय गाठ शोधणारी.
"फार गच्च भरलंयस, पोरी.
कापडाला हलायला जागा नको?"

लेपाची चाळीस मिनिटं मी अकरावर आणली.
आता काड्या विरळ,
नुकत्या उगवलेल्या मेथीच्या वाफ्यासारख्या.
वीज थोडी कमी साठते.
तेही वहीत लिहिलंय, लपवलेलं नाही.

सहा हजार नऊशे.
हीटर केव्हाच बंद झालाय.
डोरीनचा स्वेटर खुर्चीवर राहिलाय, तो अंगावर घेते.
कोपराला रफू आहे म्हणे.
हातमोज्यातल्या बोटांना सापडत नाही.

अप्पांकडे आता सकाळचे साडेआठ.
पेपर वाचून झाला असेल, अग्रलेखावर रागावूनही.
आधी फोन कोणी करायचा
हे गेल्या गणपतीपासून ठरलेलं नाही.

सात हजार बारा.
मी हातमोजा काढते.