चौथं बदक

उम्म वज्दी म्हणाली,
आजार तो मोठ्या फार्मांतला.
मनूफियातल्या माझ्या गच्चीवर कुठून येणार?
ही तर माझ्या हातचा मका खाऊन वाढली.

मी नोंदवही उघडली.
सहा कोंबड्या, तीन बदकं.
चौथं न्हाणीघरातून ओरडलं,
तशी तिने नळ मोठा सोडला.

शेजारच्या सौसनने परवा
शिजलेली अख्खी हंडी कालव्यात ओतली,
तासभर रटरटलेला रस्सा, भीतीपोटी.
त्या कोंबडीची मान सकाळीच लवंडली होती.
पिसं मात्र तिने उघड्या हातांनी उपटली,
धाकटा मांडीशी बसून
एकेक फुंकत होता.
भीती होतीच की घरात,
फक्त चुकीच्या भांड्यात.

"आजारी असतं तर दिसलं नसतं का?"
नाही दिसत, बाई.
कोंबडी मरून सांगते.
बदक डौलात चालतं
आणि काहीच बोलत नाही.

ती गप्प. मग हळूच,
"आणि अंडी? पोराची फी अंड्यांवर आहे."
माझ्या वहीत तो रकाना नव्हता.

मी तीनाचे चार केले,
हात धुवायला
तिच्याच न्हाणीघरात गेले.
टबातून बदकाने मान वळवून पाहिलं,
अगदी ठणठणीत.