खुर्च्यांचा हिशेब

मढवी डेकोरेटर्स, घणसोली गाव, गावदेवीच्या देवळामागं.
पावतीपुस्तकं सगळी जपलीत मी.
कार्बनची निळी प्रत पुसट होते,
खोटी होत नाही.

पहिल्या वर्षी कॉलेजच्या फायनलला
लाल खुर्च्या तीनशे.
तरी पोरं उभी होती
कंपाउंडवर, पाण्याच्या टाकीवर,
एक तर गोलामागच्या जांभळावर चढलेला,
फांदी हलली की गोलकीपर वर बघून शिव्या द्यायचा.
सात खुर्च्या मोडल्या.
सालढाणा सरांनी भरपाई खिशातून दिली,
हसत.

मग दीडशे.
मग ऐंशी, आणि फोनवर सरांचा आवाज,
"मढवी, अजून थोड्या कमी करा,
फोटोत रिकाम्या दिसतात."
रिकामी खुर्ची फार दिसते.
भरलेली कुणालाच दिसत नाही.

एका वर्षी हजेरी सक्तीची केली.
गेटवर कोड चिकटवला,
मोबाइल समोर धरायचा, लागली हजेरी.
चारशे पोरं आली,
चारशे मोबाइल वर झाले
आणि नाणं हवेत असतानाच
मागच्या गेटनं सगळी पसार.
त्या दिवशी जशा मांडल्या तशाच उचलल्या,
एकही गरम झाली नव्हती.

मी पोरांना नावं ठेवत नाही.
माझीच पुतणी निशिगंधा तिथं टी. वाय.ला.
म्हणाली, काका, सामना दुपारी दोनला ठेवतात,
तेव्हा मी रबाळ्याला इंटर्नशिपला असते,
फुकट, पण असते.
संध्याकाळी मैदान कंपन्यांच्या लीगला भाड्यानं.
(तिथंही खुर्च्या माझ्याच,
पांढरं कव्हर, मागं रिबिनीचं फूल.)

आणि रात्री अकराला
महापे रोडवरच्या गोडाऊनच्या छतावर,
जाळीतल्या हिरव्या चटईवर
तीच पोरं माणशी दीडशे भरून खेळतात.
टेम्पो घेऊन परतताना मी बघतो,
दहा आत, दहा बाहेर बूट बांधून,
आपली पाळी कधी येते म्हणून घड्याळाकडं डोळे.
बघायला आलेलं कुणीच नाही.
सगळ्यांना खेळायचंय.
हे वाईट का,
मला नाही सांगता येत.

यंदा ऑर्डर बारा.
नऊ पाहुण्यांच्या, दोन ऑफिसच्या.
बारावी कशाला, मी विचारलं.
सर म्हणाले, "असू दे. कुणी आलं तर."
सर मार्चमध्ये रिटायर.

पाहुणे हाफटाइमलाच नारळ-शाल घेऊन गेले.
मी खुर्च्या एकात एक घालत होतो,
अकरा झाल्या, बारावी हातात,
तेवढ्यात टप्पे खात बॉल आला
आणि टेम्पोच्या चाकाला लागून थांबला.
मागोमाग दोन पोरं,
एक आपलं, एक वाशीचं,
दोघांचीही छातीवर थाप, आमचा, आमचा.
रेषेवरचा झेंडेवाला पाणी प्यायला गेलेला.
रेफरी लांबून धापा टाकत आला,
मोकळ्या मैदानाला एक चक्कर नजर फिरवली
आणि मला म्हणाला,
"काका, तुम्ही बघितलंत ना?
कुणाला लागून बाहेर गेला?"

खरं सांगायचं तर पाठ होती माझी.
मी खुर्च्या मोजत होतो.
बावीस पोरं घामानं निथळत थांबलेली,
बावीस तोंडं माझ्याकडं.
वीस वर्षं मी माणसांना बसवतो,
एवढी माणसं एकदम
माझ्याकडं कधी बघितलेली नाहीत.

मी बारावी खुर्ची खाली ठेवली.
वाशीच्या पोराकडं बोट केलं.
"याला लागून."

त्यानं मला शिवी दिली.
चांगली, सणसणीत,
जांभळावर पोरं चढायची
त्या वेळची.