दिसना

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, रात्री नऊला,
शटर खाली ओढून
मी रोहिदास च्यारीला म्हटलं, दिवे घालव.
गाडीत मी. इंजिनाच्या बाजूला तो, हातात बॅटरी.
मधे फक्त पत्रा.

जिथून उजेड येतो
तिथून आग येते.

बाकीचं उजेडातच तपासून झालं होतं:
विझवणीच्या बाटलीची तारीख, पट्ट्यांची शिवण,
पेट्रोलच्या नळीवरची जाळी.
ज्योव्हितोला हेल्मेट-हातमोज्यांसकट आत बसवून
म्हटलं, समज पेटली. नीघ.
अकरा सेकंद.
पुन्हा. नऊ.
पुन्हा.
सातव्याला तो जमिनीवर उभा, हसत,
एकोणीस वर्षांचा.
मी हसलो नाही.

माझा बाप बार्जच्या यार्डात होता.
जोडाला एका अंगाने खडू फासायचा, दुसऱ्या अंगाने रॉकेल,
आणि विडी न पेटवता बसून राहायचा.
पांढऱ्यावर काळा ठिपका फुटला की म्हणायचा,
हे मांडवीला सापडलं असतं.

"दिसता?" पलीकडून च्यारी.
"दिसना."
बॅटरी सरकते. क्लचच्या केबलीभोवती रबर घट्ट.
"दिसता?"
"दिसना."
मग डॅशच्या खाली, उजव्या गुडघ्यासमोर,
मोहरीएवढा
एक तारा.

चाचपलं तर रिव्हेटचं भोक
आणि त्याला लोंबणारं सायबाचं पदक.
आईने दिलेलं, ज्योव्हितो शटरपाशी पुटपुटला,
पडू नये म्हणून पक्कं बसवलं.

पदक खिशात टाकलं.
भोकात पोलादी रिव्हेट, वर लाल मसाला,
त्यावर पत्र्याचं ठिगळ.
सुकेपर्यंत तिघं चहा प्यालो, कुणी फारसं बोललं नाही.
पुन्हा दिवे गेले.
"दिसता?"
पापणी न लवता पाहिलं. डोळे चुरचुरले.
"दिसना."
च्यारी दिवा लावायला उठला, मी म्हटलं, थांब जरा.
इतका काळोख
मी कुणासाठी कधी मागितला नव्हता.

पदक परत देताना बजावलं,
शर्यतीत गळ्यात घालायचं नाही, धातू तापतो.
आईकडे दे. कठड्याशी उभी राहील तेव्हा
तिच्या मुठीत असू दे.

"ती येना पळोवपाक," तो म्हणाला.

बोल्टांतून तार ओवली, शिसं चेपलं.
सील चारशे सतरा.
वहीत लिहिलं: भोक एक. बुजवलं.