जो प्रिंटर नाही त्याचं नाव

कुताइसीत, रिओनी नदीच्या काठी, नोटरीच्या कचेरीत
जानेवारीत मी एक प्रिंटर बसवला
जो नव्हता.

खोकं नाही, वायर नाही, शाई नाही.
सर्व्हर तेवढा खरा: मागच्या कोळशाच्या कोठीत,
कुणाच्या तरी लोणच्याच्या बरण्यांशेजारी
दिवसरात्र घुमणारा.
त्याला सांगितलं, तू प्रिंटर आहेस असं समज.
त्याने समजलं. यंत्रांचं हे एक बरं असतं.
ड्रायव्हर दिला, पोर्ट दिलं,
भिंतीतून कुठेच न निघणारं, एका फोल्डरात उघडणारं,
आणि शेअर करायचा का, या चौकोनात टिचकी मारली.
नाव विचारलं तेव्हा घाईत लिहिलं: कागद.

सातही टेबलांवर कागद दिसू लागला.

त्सिउरीने पहिली छपाई सोडली आणि सवयीने उठली,
बोळ ओलांडून जुन्या मशीनपाशी गेली,
हात पुढे करून उभी राहिली.
बत्तीस वर्षं ती अशी उभी राहत आलीय.
थंडीत ताजं पान आधी गालाला लावते, मग वाचते.
मशीन गप्प.
"छापलंय," मी म्हटलं, "तिकडे, सर्व्हरवर."
"गरम आहे का?"
मी हो म्हणालो.

पहिल्या दिवशी नुसते चौकोन आले.
गाव, बाप, साल, सही, सगळे रिकामे चौकोन.
फॉन्ट सोबत बांधून द्यायला विसरलो होतो मी.
आमची अक्षरं गोल, द्राक्षवेलीच्या ताण्यांसारखी,
परक्या मशीनला ती न सांगता कशी उमटणार?
जमीन विकायला आलेला म्हातारा वाझा
पडद्याकडे बघत म्हणाला,
"माझे चौदा अक्रोड होते. तुम्ही खिडक्या केल्यात."

दुसऱ्या दिवशी अक्षरं आली, पण गोंधळ निराळा.
प्रत्येक फाइलला मी एकच नाव ठेवलं होतं.
अकराला एका बाईचं मुखत्यारपत्र फोल्डरात पडलं,
पोलंडमधल्या मुलाच्या नावचं,
आणि अकरा वाजून एक मिनिटाने
वाझाचं खरेदीखत येऊन त्याच्यावर बसलं.
बाई दुपारी आली. मुलाऐवजी हाती चौदा झाडं.
ती हसली, इतकी, की नोटरी अंझोर आतून बाहेर आला,
आणि हसणं संपेना तेव्हा
दार लावून पुन्हा आत गेला.

रात्री थांबून नियम लिहिले.
टाकायची मुभा सगळ्यांना, पुसायची कुणालाच नाही.
फाइलच्या नावात आधी माणूस, मग आकडा.

सकाळी त्सिउरी पडद्यापाशी थबकली.
त्सिउरी ०००१.
"हे कुणी लिहिलं?"
"आपोआप येतं. ज्याने छापलं त्याचं."
ती खुर्चीत बसली, कोट न काढता.
खतं तिने लिहिली, हजारो,
खाली नाव अंझोरचं, त्याआधी अंझोरच्या काकाचं,
शिक्का सरकारचा,
साक्षीदार रस्त्यावरून धरून आणलेले,
त्यांचीसुद्धा नावं.
"आणि हे पुसता येतं?"
"तुला नाही येत. अंझोरलाही नाही."

मग तिने काहीतरी टाइप केलं, एकच ओळ असावी,
आणि कागदाकडे पाठवलं.
त्सिउरी ०००२. एक पान.
मी उघडून पाहिलं नाही.
मला सगळंच उघडता येतं, म्हणून.

संध्याकाळी कोठीत दिवा लावायला गेलो
तर ती आत, अंधारात,
सर्व्हरच्या पाठीवर तळहात ठेवून उभी.
"खोटं नव्हतास बोलत," म्हणाली,
आणि दुसरा हातही ठेवला.