सातवी पट्टी

क्लबाच्या कपाटातून निघालेला पत्र्याचा डबा,
वर शिक्का अर्धाच: सन एकोणीसशे, पुढचं खरवडलेलं.
आत टोप्या. पितळी, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या.
या नळी खातील का, एवढंच विचारायचं होतं.

हरेश्वर नाखवा अंबरनाथच्या कारखान्यातून
निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली.
कान तिथेच राहिले, मोठ्याने बोलावं लागतं.
त्यांनी पोलादाच्या सात पट्ट्या कापल्या,
एमरीने घासल्या, आधी आडव्या, मग उभ्या,
माझं नाक दिसेपर्यंत.
सहांसमोर सहा टोप्या फोडल्या
रिकाम्या पुंगळीत, ना दारू ना गोळी.
आवाज टिकलीचा.
वास दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचा.
सातवी कोरी ठेवली.
"ही साक्षीदार. हिच्यावर काही येता कामा नये."

मग खाडीकडची खिडकी उघडली.
"आता आपण काही करायचं नाही."

मी म्हटलं, एखादीला तेल लावून ठेवू?
हसले.
जुन्या टोपीत क्लोरेट असतं, फुटलं की उरतं ते मीठच,
आपल्या जेवणातल्याचं चुलतभावंड.
तेल त्याच्यावर सायीसारखं बसतं
आणि खाली त्याचं चालूच.
मीठ पाण्यानेच जातं, पोरी. उकळत्या.
बंदूक पाण्याने धुवायची म्हटलं की
तुम्हा लोकांच्या जिवावर येतं.

त्यांचे वडील याच मीठबंदर रस्त्याच्या टोकाला
गोणी वाहायचे. पाठ पांढरी पडायची.
घरात कोयती, विळी, दाराची कडी,
काहीच तीन पावसाळे टिकलं नाही.
आई म्हणायची, तुझा बाप नुसता हात लावतो.
पुढचं ती बोलायची नाही.

तिसऱ्या सकाळी गेले.
चार पट्ट्यांवर तांबूस ठिपके,
फोडणीतून मोहरी उडावी तसे.
दोन साफ.
म्हणजे डब्यात दोन लॉट मिसळलेले,
कोणी, कधी, नोंद नाही.

आणि सातवीवर, कोपऱ्यात,
गंजाचा अंगठा. रेघन् रेघ मोजता येईल असा.

त्यांनी आपला अंगठा शेजारी धरला.
चाळीस वर्षं घासून गुळगुळीत झालेला,
आधारच्या मशीनवरही न उमटलेला.
मग माझ्याकडे पाहिलं.

वहीत लिहिलं: सातवी बाद. पुन्हा करणे.
एमरीचा कागद माझ्यापुढे सरकवला,
आणि मी उचलायच्या आधी
नळाकडे बोट दाखवलं.