लाली

आपल्याकडे लाली गालावरची, नाहीतर पहाटेची.
हाआपाईच्या त्या बेटावर लाली म्हणजे
पोखरलेला ओंडका आणि दोन दांडकी.
साडेचारला सेमिसी तो बडवतो
प्रार्थनेसाठी. एकोणतीस वर्षं.

पूर्वी, तो म्हणतो, चार ठोक्यांत गाव उठायचं.
मग आठ लागले.
आता खांद्यापासून हाणतो, घाम फुटेस्तोवर,
आणि चर्चच्या भिंतीला भिंत लागून ज्यांची घरं
तेच सगळ्यांत गाढ झोपलेले.
कान धड आहेत हो त्यांचे.
आवाज अंगवळणी पडलाय, एवढंच.

शनिवारी प्रार्थनेनंतर, उपाशीपोटी,
सगळे सभागृहात.
लोसालिनी नर्स टेप घेऊन उभी.
"कमरेची चटई सोडावी लागेल,"
हे वाक्य ती जमिनीकडे बघून बोलते.
ताओवाला बांधून येणं हाच तिथे आदर;
अशा कंबर कसलेल्या माणसांची
तिला कंबर मोजायचीय.

वाइसीओआ आजी गाठ सोडते.
सासूच्या सासूने विणलेली चटई.
"माझ्या लग्नात दोन वेढे बसायचे हिचे,"
ती म्हणते, आणि उरलेला दीड वेढा
कुणाला दिसू नये अशी घडी घालते.

सेमिसीच्या बोटावर रक्ताचा थेंब.
यंत्र विचार करतं.
पाच पूर्णांक चार.
"बघ! ठणठणीत!" तो भावाकडे बघतो,
भावाचा डावा पाय गुडघ्याखाली नाही.

लोसालिनी हसत नाही.
तिला त्याच्या मानेच्या घडीतला
काळसर, मखमली पट्टा दिसतोय,
जो त्याची बायको वर्षभर
काथ्याने घासून काढू पाहते.

"तुझ्या जठरामागे एक म्हातारा बसलाय, सेमिसी.
रक्तात साखर आली की तो लाली वाजवतो:
उठा, दारं उघडा, आत घ्या.
पेशी कूस बदलतात.
मग तो दुप्पट बडवतो. तिप्पट.
आज आकडा बरा आला
तो त्याच्या घामाचा.
मी तुझी साखर मोजली.
त्याचे खांदे कुठे मोजले?"

सेमिसी आपल्या खांद्याला हात लावतो.

फॉर्मवर रकाने दोनच: आहे, नाही.
एकशे बारा नावं.
लोसालिनी पेन्सिलीने मध्ये एक रेघ ओढते.
त्या अरुंद पट्टीत
अर्धं गाव दाटीवाटीने उभं राहतं,
शिक्षक, पाद्रीबाई, रग्बीची पोरं,
बोटीचा तांडेल, आणि शेवटी
तिचं स्वतःचं नाव.

बाहेर उपास सोडायला
पांढरा पाव, डब्यातलं मांस,
चहात चमचा उभा राहील इतकी साखर.
कुणाला दोष द्यायचा? जहाज पंधरवड्याने येतं
आणि हेच घेऊन येतं.
मागे कुणाच्या तरी शेतात रताळी वाट बघतात.

"मग उठवायचं कसं त्यांना?" सेमिसी विचारतो.
गावाबद्दल की पेशींबद्दल, कळत नाही.
"कमी वाजव," ती म्हणते.
"थोडं शांत राहू दे. आणि घरी
पिकअपमधून नको, चालत जा."

रविवारी पहाटे
त्याने चार ठोके मारले.
हात वर गेलेला तसाच धरला.
समुद्र. एक कुत्रं.
कुठेच दिवा नाही.
पाचवा ठोका न मारणं इतकं जड असतं
हे त्याला एकोणतीस वर्षांत
कधी समजलं नव्हतं.